गरगरणारा पेशंट: गोळी लिहिण्याआधी काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

चक्कर येते म्हणून आलेल्या पेशंटचं आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहितीये. बीपी बघितलं जातं, वाढलेलं निघालं तर बीपीमुळे, कमी निघालं तर अशक्तपणामुळे आणि एक सलाईन, बरोबर निघालं तर मग मानेचा एक्स-रे, आणि पन्नाशीपुढच्या माणसाच्या मानेच्या एक्स-रेत काहीतरी सापडतंच, म्हणजे मग 'मणक्यात गॅप आहे' आणि गळ्यात पट्टा. यातलं काहीच जमलं नाही तर पित्त आहेच. माझ्याकडे मागे एक काकू आल्या, आठ महिने पट्टा घालून, घरच्या लग्नातसुद्धा काढला नव्हता म्हणे, आणि तक्रार काय तर झोपेत उजव्या कुशीवर वळलं की गरगरतं. एवढीच. टेबलावर पाच मिनिटं लागली.

हे लिहितोय ते जनरल प्रॅक्टिसवाल्यांसाठी, इंटर्नसाठी, रेसिडेंटसाठी. बहुतेकांना डिक्स-हॉलपाइक (आतल्या कानातल्या सुटलेल्या कणांमुळे चक्कर येते का हे बघायची टेस्ट) आणि एपली (ते कण जागेवर न्यायची पद्धत) ही नावं पाठ असतात, व्हिडिओही बघितलेले असतात, पण करताना क्रम चुकतो, बाजू चुकते, घाई होते आणि मग 'मी करून बघितलं, काही फरक पडत नाही' म्हणून सोडून देतात.

## आधी तयारी

बहुतेक दवाखान्यांत टेबल भिंतीला चिकटलेलं असतं, पहिलं तेच अडतं. ओढून घ्या, डोक्याकडूनही जाता आलं पाहिजे. पुस्तकात डोकं टेबलाच्या कडेबाहेर लोंबतं असं चित्र असतं, ते नाही केलं तरी चालतं, पेशंट घाबरतो आणि मान आखडून धरतो. त्यापेक्षा चादरीची जाड घडी किंवा पातळ उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्याखाली येईल आणि डोकं आपोआप मागे कलेल. पेशंटला कुठे बसवायचं ते आधीच अंदाजून ठेवा, कमरेपासून खांद्यापर्यंतचं अंतर तेवढंच उशीपर्यंत पाहिजे. हे चुकलं की उशी डोक्याखाली येते, मान वर उचललेली राहते आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते.

बाकी गोष्टी बारीक आहेत पण नडतात. चष्मा काढायला लावा. केसांतला क्लॅचर किंवा अंबाडा सोडवा, नाहीतर डोकं नीट टेकतच नाही. बादली नाहीतर कॅरीबॅग हाताशी ठेवा. एका नातेवाइकाला आत घ्या, एक तर धरायला आणि दुसरं म्हणजे मोबाइलवर डोळ्याचा व्हिडिओ काढायला. डोळा हलला का, कुठे हलला यावर नंतर वाद नको, दोनदा-तीनदा बघता येतं आणि पुढे न्यूरोलॉजिस्टला पाठवलं तर त्यालाही दाखवता येतं.

आधीच उलट्या चालू असतील तर ऑनडान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम देऊन अर्धा तास बसवा. प्रोक्लोरपेरझिनचं इंजेक्शन देऊन लगेच टेस्ट करू नका, नायस्टॅगमस, म्हणजे डोळ्यांचे आपोआप होणारे फटकारे, दबू शकतो आणि पेशंट पेंगतो.

इशारा: मानेचं फ्रॅक्चर किंवा ताजं ऑपरेशन, मानेपर्यंत गेलेला जुना रुमॅटॉइड संधिवात, किंवा चक्करबरोबरच नव्याने सुरू झालेलं जोरदार मानदुखणं, यात मान मागे झुकवायची नाही. पहिल्या दोघांत मान वळवायलाही धोका नाही याची खात्री असेल तरच कुशीवरची पद्धत आहे: पेशंटला टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवा, उजवा कान तपासायचा तर मान ४५ अंश डावीकडे वळवा आणि झपकन उजव्या कुशीवर आडवं करा. तिसऱ्याला मात्र टेबलावर घ्यायचंच नाही, मानेतली रक्तवाहिनी फाटलेली असू शकते, त्याला थेट मोठ्या हॉस्पिटलला.

## टप्पा १: तीन प्रश्न, आणि 'नेमकं कसं होतं' हा त्यातला नाही

'चक्कर म्हणजे नेमकं कसं होतं हो?' हे आपल्याला कॉलेजात शिकवलं, गरगरतंय म्हणाला तर कानाचं, अंधारी म्हणाला तर बीपीचं. प्रत्यक्षात तोच माणूस एकदा घेरी म्हणतो, एकदा भोवळ, एकदा 'डोकं हलकं हलकं', बायको मध्येच 'झोकांडी जाते हो यांची' म्हणते. शब्दांवर निदान बांधू नका.

पहिला प्रश्न, एकदा आली की किती वेळ टिकते. इथे पेशंट हमखास 'दिवसभर' म्हणतो, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. असं विचारा: 'गरगरायला लागलं की डोकं अजिबात न हलवता गप्प पडून राहिलात तर किती वेळात थांबतं?' मग उत्तर बदलतं, 'तसं अर्ध्या मिनिटात थांबतं, पण मग दिवसभर कसंतरीच वाटतं.' ते कसंतरीच वेगळं आणि चक्कर वेगळी.

दुसरा, कशाने येते. कुशीवर वळताना, आडवं होताना, माळ्यावरचा डबा काढायला वर बघताना, दोरीवर कपडे टाकताना, खाली वाकून केस धुताना? की नुसतं खुर्चीतून उठल्यावर? की काहीच कारण नाही, आपोआप?

तिसरा, आत्ता या क्षणी आहे का. हा प्रश्न सगळे विसरतात आणि पुढच्या सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

उत्तरांवरून तीन वाटा होतात. काही सेकंद टिकणारी, हालचालीने येणारी: टप्पा ३ पासून पुढे. मिनिटं ते तास टिकणारी, आपोआप येणारी-जाणारी: टप्पा ७. कित्येक तास किंवा दिवस सतत चालू असलेली आणि आत्ताही आहे: सगळं सोडून टप्पा ८.

## टप्पा २: धोका आहे का, अर्ध्या मिनिटात

दोन-दोन दिसणं, बोलणं जड होणं, पाणी पिताना ठसका, चेहऱ्याला किंवा हातापायाला बधिरपणा वा कमजोरी, अचानक फुटल्यासारखं डोकं दुखणं, अचानक एका कानाने ऐकू न येणं, शुद्ध हरपणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: हात छातीवर बांधून टेबलाच्या कडेवर आधाराशिवाय बसता येतं का? दोन्हीकडून धरल्याशिवाय बसताच येत नसेल तर ती कानाची चक्कर आहे असं समजून पुढे जाऊ नका.

तपासा: चालवून बघितलं का? झोपलेल्या पेशंटचं न्यूरोलॉजिकल एक्झामिनेशन नॉर्मल आणि उभं केल्यावर धाडकन पडतोय, हे सेरेबेलमच्या, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूच्या, स्ट्रोकमध्ये होतं. हातापायात ताकद पूर्ण असते, तोंड वाकडं नसतं, म्हणून घरी पाठवला जातो.

## टप्पा ३: बीपी, पण झोपवून आणि उभं करून

खुर्चीत बसवून एकदा घेतलेलं बीपी इथे काही कामाचं नाही. पाच मिनिटं आडवं, मग बीपी, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर उत्तर सापडलं, मग गोळ्यांची पिशवी उघडायला सांगा. प्रोस्टेटसाठी टॅमस्युलोसिन, बीपीसाठी प्राझोसिन, वरून लघवीची गोळी, वर पुन्हा झोपेची, असा मेळ आजोबांच्या पिशवीत नेहमी असतो.

एक खूण लक्षात ठेवा, बीपी उतरणारा माणूस अंथरुणात कुशीवर वळला म्हणून त्याला चक्कर येत नाही. उठताना दोघांनाही येते, वळताना आणि आडवं होताना फक्त कानवाल्याला.

आणि उलटं: जोरात गरगरत असलेल्या, उलट्या होणाऱ्या, घाबरलेल्या माणसाचं बीपी १७०-१८० असणारच. ते चक्करचं कारण नसतं, परिणाम असतो. जिभेखाली निफेडिपिन देऊन झटक्यात उतरवायला जाऊ नका, तो खरंच स्ट्रोक असेल तर तुम्ही मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही काढून घेताय.

## टप्पा ४: डिक्स-हॉलपाइक

पेशंटला आधी सांगा की गरगरेल, उलटीसारखं होईल, एका मिनिटात थांबेल, मी धरलंय, काहीही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत. हे न सांगता केलं की पहिल्या झटक्याला पेशंट डोळे घट्ट मिटतो, तुमचा दंड धरून उठून बसतो आणि पुन्हा आयुष्यात टेबलावर चढत नाही.

कुठली बाजू आधी? ज्या कुशीवर वळताना त्रास होतो ती. पुस्तक म्हणतं दोन्ही बाजू तपासा आणि मग उपचार, ते बरोबरच आहे, पण संशयित बाजूला चित्र स्वच्छ दिसलं तर मी तिथूनच थेट एपलीत जातो, कारण डोकं आधीच पहिल्या पोझिशनमध्ये असतं आणि त्या माणसाला उगाच दोनदा गरगरवायचं कशाला. दुसरी बाजू पुढच्या वेळी.

उजव्या बाजूचं सांगतो, डाव्याचं आरशातल्यासारखं उलटं करा.

१. पेशंट टेबलावर लांब पाय करून बसलेला. मान ४५ अंश उजवीकडे.
२. दोन्ही हातांनी डोकं धरा आणि मान तशीच वळलेली ठेवून दोन सेकंदांत मागे आडवं करा. डोकं उजवीकडे वळलेलं आणि आडव्या पातळीच्या २०-३० अंश खाली.
३. डोळ्यांकडे बघत किमान ३० सेकंद थांबा.

नेमकं तिसऱ्यातच चुकतं. आडवं केल्याकेल्या काही दिसत नाही म्हणून पाच सेकंदांत उठवतात. कॅनॉलमधले, म्हणजे आतल्या कानाच्या अर्धगोल नळीतले, कण सरकायला वेळ लागतो, गरगरणं आणि नायस्टॅगमस साधारण ५ ते २० सेकंदांनी सुरू होतो. मनात तीसपर्यंत आकडे मोजा, सावकाश.

दुसरी चूक, फार हळू झोपवणं. आजीबाई आहेत म्हणून प्रेमाने हळूहळू टेकवलं तर कण हलतच नाहीत. झटका द्यायचा नाही, पण रेंगाळायचंही नाही.

## टप्पा ५: डोळा काय सांगतोय

पोस्टिरिअर, म्हणजे मागच्या, कॅनॉलचा बीपीपीव्ही, म्हणजे बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टायगो, कानातल्या कणांमुळे डोकं हललं की येणारी चक्कर, बहुतेकांना हाच असतो. त्यात डोळ्याचे फटकारे कपाळाकडे वर जातात आणि सोबत बुबुळ गोल फिरतं, त्याचा वरचा भाग खालच्या कानाकडे, म्हणजे आपल्या उदाहरणात उजव्या कानाकडे, झेपावतो. वाढत जातं, मग ओसरतं, एका मिनिटाच्या आत थांबतं. उठवून बसवलं की पुन्हा थोडं, उलट्या दिशेने.

बुबुळाचं फिरणं दिसत नसेल तर डोळ्याच्या पांढऱ्या भागातल्या लाल शिरांकडे बघा, त्या फिरताना लगेच कळतात. माझ्या एका ज्युनिअरला ही युक्ती सांगेपर्यंत सहा महिने तो 'सर, नुसता डोळा थरथरतोय' असंच लिहायचा.

पेशंटला गरगरलं पण तुम्हाला डोळा हललेला दिसला नाही, असंही होतं. हकिकत जुळत असेल तर त्याच बाजूची एपली करून बघायला हरकत नाही, तोटा काही नाही.

इथे थांबा, एपली करू नका: नायस्टॅगमस नुसता खाली, हनुवटीकडे मारतोय; किंवा आडवं केल्याक्षणी सुरू होऊन मिनिटाच्या पुढेही तसाच चालू आहे; किंवा डोळा जोरात उडतोय आणि पेशंट मजेत म्हणतोय 'मला काही होत नाहीये'. खाली मारणारा क्वचित अँटिरिअर, म्हणजे पुढच्या, कॅनॉलचाही असतो, पण ते ठरवायचं काम दवाखान्यातलं नाही. या तिन्हीत आधी मेंदूचा विचार करा, एमआरआयला पाठवा.

## टप्पा ६: एपली

पेशंट अजून उजव्या हॉलपाइकमध्येच आहे, उठवायचं नाही.

१. याच पोझिशनमध्ये गरगरणं थांबेपर्यंत, आणि थांबल्यावर वर अजून ३० सेकंद.
२. डोकं मागे झुकलेलंच ठेवून ९० अंश डावीकडे वळवा. आता मान ४५ अंश डावीकडे. पुन्हा साधारण एक मिनिट.
३. पेशंटला डाव्या कुशीवर वळायला सांगा आणि त्याच्याबरोबर डोकंही आणखी ९० अंश वळवा, नाक जमिनीकडे तिरकं. एक मिनिट. अंगठ्याकडे बघा म्हटलं की नाक बरोबर खाली जातं.
४. हनुवटी छातीकडे ठेवून डाव्या बाजूने पाय खाली सोडत उठवून बसवा. आणि धरून ठेवा.

चौथ्या पायरीचं 'धरून ठेवा' हे मी उगाच लिहिलेलं नाही. उठून बसल्यावर काही पेशंटना अचानक कुणीतरी मागे ढकलल्यासारखं होतं आणि ते सरळ टेबलावरून जातात. तुमचं लक्ष पॅडकडे गेलेलं असतं, काम झालं म्हणून. एक मिनिट तरी दोन्ही खांदे धरा.

बाकी चुका दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत होतात. दोनवरून तीनवर जाताना पेशंट कुशीवर वळायच्या नादात डोकं उचलतो, की कण मागे परत. म्हणून डोकं पूर्ण वेळ तुमच्या हातात, पेशंटने फक्त अंग वळवायचं. आणि जाड माणसाला, नऊवारीतल्या आजींना, गुडघे गेलेल्यांना कुशीवर वळायला वेळ लागतो, तेवढा वेळ द्या, नातेवाइकाला कमरेकडून वळवायला सांगा.

तपासा: तिसऱ्या पोझिशनमध्ये पहिल्यासारख्याच दिशेने परत नायस्टॅगमस आला तर चांगलं, कण पुढे सरकतायत. उलट्या दिशेने आला तर मागे गेले, बसवून परत पहिल्यापासून.

दहा-पंधरा मिनिटं बसवा, परत हॉलपाइक करा. शांत असेल तर झालं. नसेल तर अजून एकदा, त्यानंतरही असेल तर दोन दिवसांनी बोलवा. एका बैठकीत चार-पाच वेळा करत बसू नका, पेशंट उलट्यांनी बेजार होतो.

मधेच पेशंट अचानक फारच जोरात गरगरायला लागला आणि डोळे आडवे मारायला लागले तर घाबरू नका, कण पोस्टिरिअरमधून हॉरिझॉन्टल, म्हणजे आडव्या, कॅनॉलमध्ये घुसलेत. टप्पा ७ मधला रोल करा.

नंतरचं पथ्य: दोन रात्री बसून झोपा, पट्टा घाला, त्या कुशीवर आठवडाभर झोपू नका, हे सगळं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो, याची गरज नसते. दोन-तीन दिवस होडीत बसल्यासारखं डुलेल हे मात्र सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन येतो. आणि त्या दिवशी स्कूटरवर एकट्याने घरी पाठवायचं नाही.

## टप्पा ७: हॉलपाइक शांत निघाली तर

दोन्ही बाजू शांत आणि हकिकत मात्र कुशीवर वळण्याचीच, तर रोल टेस्ट. पेशंट सरळ पाठीवर, डोक्याखाली उशी घेऊन मान ३० अंश वर, डोकं झटकन ९० अंश उजवीकडे, मिनिटभर बघा, परत मध्ये, शांत झालं की डावीकडे. हॉरिझॉन्टल कॅनॉल असेल तर डोळे आडवे मारतात. दोन्हीकडे जमिनीच्या दिशेने मारत असतील तर ज्या बाजूला जोर जास्त तो कान खराब. मग निरोगी कानाच्या बाजूने ९०-९० अंशांत संपूर्ण ३६० चा रोल, हुरड्याचं कणीस निखाऱ्यावर फिरवावं तसा, प्रत्येक ठिकाणी अर्धा ते एक मिनिट. दोन्हीकडे छताच्या दिशेने मारत असतील तर हिशोब उलटा, जोर कमी असलेली बाजू खराब, आणि उपचारही किचकट. हे माझ्या मते दवाखान्यात करत बसू नये, ईएनटी किंवा न्यूरोकडे पाठवावं, कारण असंच चित्र कधीकधी मेंदूतल्या बिघाडातही दिसतं.

आपोआप येणारी, मिनिटं-तास टिकणारी असेल तर दोन मुख्य नावं. चाळिशीतली बाई, पूर्वीपासून अर्धशिशी, उजेड-आवाज सहन होत नाही, उपास-जागरण झालं की येते, पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही टिकते: व्हेस्टिब्युलर मायग्रेन, आणि हे आपण समजतो त्यापेक्षा बरंच जास्त असतं. एका कानात दडा, गुणगुण, ऐकू कमी आणि २० मिनिटं ते १२ तास चक्कर: मेनिएर हा आतल्या कानाचा आजार, ऑडिओमेट्रीशिवाय, म्हणजे ऐकण्याची तपासणी केल्याशिवाय, हे नाव लिहू नका. डायबेटिस-बीपी-तंबाखू असलेल्या साठीच्या माणसाला गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच दहा-पंधरा मिनिटांचे दोन झटके आले असतील तर ती टीआयए, म्हणजे थोड्या वेळाचा स्ट्रोकचा झटका, समजा, 'बघू आठवडाभर' करू नका.

## टप्पा ८: सतत गरगरतंय, आत्ताही

इथे दोनच शक्यता मोठ्या, कानाच्या नसेला सूज म्हणजे व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस, किंवा मागच्या मेंदूचा स्ट्रोक. हॉलपाइक करायची नाही. या माणसाला कुठल्याही पोझिशनमध्ये जास्तच गरगरतं, ती टेस्ट पॉझिटिव्ह वाटते, एपली होते आणि स्ट्रोकचा पेशंट रिक्षाने घरी जातो. हालचालीने येणं वेगळं आणि हालचालीने वाढणं वेगळं.

हिंट्स नावाच्या तीन तपासण्या इथे करायच्या, आणि फक्त इथेच. पेशंटला सध्या सतत चक्कर आहे आणि नायस्टॅगमस दिसतोय, तरच. बीपीपीव्हीच्या पेशंटवर मधल्या शांत वेळेत हिंट्स केली तर ती स्ट्रोकसारखी दिसते आणि सगळं घर हादरतं.

१. हेड इम्पल्स. पेशंटने तुमच्या नाकाकडे बघायचं, तुम्ही डोकं १०-२० अंश झटकन बाजूला. डोळे नाकावरून सुटले आणि मग उडी मारून परत आले, तर कान खराब, म्हणजे आपल्या दृष्टीने बरी बातमी. डोळे सुटलेच नाहीत, टेस्ट 'नॉर्मल', तर ती वाईट बातमी. हे डोक्यात उलटं बसतं, म्हणून दोनदा वाचा.
२. नायस्टॅगमस. डावीकडे बघायला लावा, मग उजवीकडे. कानाच्या आजारात फटकारे कायम एकाच दिशेला, निरोगी कानाकडे. उजवीकडे बघताना उजवीकडे आणि डावीकडे बघताना डावीकडे मारत असतील तर मेंदू.
३. स्क्यू. एक डोळा झाका, मग दुसरा, आलटून पालटून. झाकण काढल्यावर डोळा वर किंवा खाली सरकून जागेवर येत असेल तर मेंदू.

वर एक चौथी जोडा, दोन्ही कानांशी बोटं चोळून ऐकू येतं का बघा. एका कानाने नव्याने ऐकू येत नसेल तर बाकी सगळं कानासारखं दिसत असूनही स्ट्रोक असू शकतो.

या चारींतली एक जरी मेंदूकडे बोट दाखवत असेल तर तो पेशंट तुमचा नाही. आणि तुम्हाला या तपासण्यांचा हात बसलेला नसेल तर हिंट्स चांगली आली म्हणून घरी पाठवू नका, चालता येत नाही एवढं कारण पाठवायला पुरे आहे.

पाठवताना चिठ्ठीवर लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहा, 'सकाळी' नाही, घड्याळातली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. गाडी नसेल तर १०८. सीटी होईपर्यंत ॲस्पिरिन देऊ नका. आणि तिकडून 'सीटी नॉर्मल आहे' म्हणून परत पाठवला तर समाधान मानू नका, मागच्या मेंदूचा ताजा इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेला भाग, सीटीत सहसा दिसत नाही, पहिल्या ४८ तासांत एमआरआयसुद्धा कधीकधी चुकतो. सेरेबेलमला मोठा इन्फार्क्ट असेल तर सूज पुढच्या तीन-चार दिवसांत वाढते, पहिल्या दिवशी गप्पा मारणारा माणूस तिसऱ्या दिवशी गुंगीत जातो, म्हणून ॲडमिटच.

## टप्पा ९: आता गोळी

बीपीपीव्हीला गोळी नाही. खरंच नाही. कण जागेवर गेले की संपलं, उलटीसाठी दोन दिवस काही द्यायचं तर द्या. चिठ्ठीवर काहीच लिहिलं नाही तर पेशंट नाराज होतो हे मला माहितीये, मी कागदावर कुठल्या बाजूचा कॅनॉल, किती वेळा एपली आणि पुढची तारीख लिहून देतो, तेवढ्यावर भागतं.

न्यूरायटिसला प्रोक्लोरपेरझिनसारखं औषध द्या पण फार तर तीन दिवस, त्यानंतर बंद आणि चालणं, मान फिरवणं, नजर एका जागी ठेवून डोकं हलवणं असे व्यायाम. गोळी चालू ठेवली तर मेंदू नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायचं शिकत नाही, तोल महिनोन्महिने गेलेलाच राहतो. बीटाहिस्टिन मेनिएरमध्ये वापरतात, तिथेही २०१६ मध्ये आलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये ते प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही.

सिनारिझिन, प्रोक्लोरपेरझिन, फ्लुनारिझिन म्हाताऱ्या माणसांना महिनोन्महिने दिलं की हात थरथरतात, चाल बारीक होते, चेहरा कोरा पडतो, आणि मग त्यावर पार्किन्सनची गोळी सुरू होते. असा पेशंट आला की आधी गोळ्यांची पिशवी उलटी करा.

पेशंट एक प्रश्न हमखास विचारतात, कानात कॅल्शियमचे कण सुटलेत म्हणता तर माझी कॅल्शियमची गोळी बंद करू का? नाही. त्या कणांचा आणि खाण्याचा तसा संबंध नाही. उलट वारंवार बीपीपीव्ही होत असेल तर व्हिटॅमिन डी तपासा, २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल आणि भरून काढलं तर परत येण्याचं प्रमाण कमी होतं हे अभ्यासात दिसलंय.

## टप्पा १०: परत आला तर

एका आठवड्याने बोलवा आणि बरं वाटतंय म्हणाला तरी हॉलपाइक करा, दोन्ही बाजू. बरेच जण वळायचं टाळून टाळून 'बरं' झालेले असतात, एकाच कुशीवर झोपतात, वर बघत नाहीत.

बीपीपीव्ही काही महिन्यांनी, वर्षांनी परत येऊ शकतो, हे पहिल्याच दिवशी सांगा. दुसऱ्या वेळी तोच कान असेल असं धरून चालू नका, परत तपासा, मी एकदा जुन्या कागदावर विसंबून डाव्याची एपली दोन वेळा केली आणि कण होते उजव्यात. घरी स्वतः करायचं असेल तर बाजू पक्की असलेल्या आणि सोबत कुणीतरी असणाऱ्या पेशंटलाच शिकवा, तुमच्यासमोर एकदा करून घ्या, त्याच्याच मोबाइलवर व्हिडिओ काढून द्या.

नीट केलेल्या तीन बैठकींनंतरही तसंच असेल तर चौथी करायची नाही. बाजू आणि कॅनॉल पुन्हा तपासा, रोल टेस्ट राहिली होती का बघा, आणि तेही झालं असेल तर व्हिडिओसकट न्यूरोलॉजिस्टकडे आणि एमआरआय.